ग्लॅडस्टनची मुलुखगिरी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील राजकारणी पुरुषाने काय बोलावे यापेक्षा त्याने कोठे बोलावे, याविषयीचा दंडक अधिक कडक होता. पार्लमेंटच्या सभागृहात त्याने रात्र रात्र बोलावे, निवडणुकीच्या दिवसांत आपल्या मतदारांपुढे उभे राहून चार शब्द सांगावेत, फार तर लंडनच्या गिल्डहॉलमधील लॉर्ड मेयरच्या मेजवानीत राज्यकारभाराची खुशाली निवेदन करावी. परंतु ज्याने राजाच्या मसलतीत भाग घेतला आहे अशा मनुष्याने आगगाडीतून गावोगाव हिंडून, ज्यांतील बहुतेकांना मताचा अधिकारही नाही अशा जमावापुढे परराष्ट्रकारणाचा आणि खजिन्याचा हिशेब मांडावा, ही गोष्ट थोरामोठ्यांच्या वर्तुळात अशिष्ट समजली जाई. मैदानावरील भाषण हे चळवळ्यांचे हत्यार होते. १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात वक्त्यांना ऐकण्यासाठी जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घालण्यात आले. १८४३ साली आयर्लंडात डॅनियल ओकॉनेलच्या प्रचंड सभांना सरकारने बंदीहुकूम काढून आळा घातला. आणि धान्यावरील जकात उठविण्यासाठी कॉब्डेन आणि ब्राइट यांनी शहरांमागून शहरे गाजविली, त्या दिवसांत ही माणसे पुढेमागे मंत्रिपदावर बसतील असे जुन्या घराण्यांतील फारच थोड्यांना वाटले असेल. हा दंडक पुढे ज्याच्या हातून कायमचा मोडला गेला तो मात्र चळवळ्या नव्हता. पंतप्रधानपद भोगून निवृत्तीची घोषणा केलेला, सत्तरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला आणि स्वभावाने पराकाष्ठेचा धर्मभीरू असा तो गृहस्थ होता.

विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन याचा जन्म २९ डिसेंबर १८०९ रोजी लिव्हरपूल येथे झाला. बाप मोठा व्यापारी होता; वेस्ट इंडीजकडील डेमेरारा प्रांतात त्याचे उसाचे मळे होते, आणि त्या मळ्यांवर राबणारे गुलाम हीही त्याचीच मालमत्ता होती. गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा ज्या मळेवाल्यांना सरकारी तिजोरीतून नुकसानभरपाई मिळाली त्यांत हा बाप अग्रगण्य होता, आणि त्याच्या पदरात एक लक्षाहून अधिक पौंड पडले. ईटनची शाळा आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज अशा राजमार्गाने मुलगा वाढला. १८३१ साली ऑक्सफर्डच्या वादसभेत, मताधिकार वाढविणाऱ्या सुधारणा-विधेयकाविरुद्ध त्याने असे घणाघाती भाषण केले की, त्याची कीर्ती ऐकून ड्यूक ऑफ न्यूकॅसलने आपल्या प्रभावाखालील न्यूअर्क गावची जागा त्याला देऊ केली आणि १८३२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो पार्लमेंटात जाऊन बसला. पुढच्याच वर्षी सभागृहातील त्याचे पहिले महत्त्वाचे भाषण झाले, ते बापाच्या मळ्यांवरील व्यवस्थेची तरफदारी करणारे होते. पुढे ज्याला सामान्य जनांनी आपला कैवारी मानले, त्याच्या वक्तृत्वाची पहिली दोन फळे ही अशी आहेत. चरित्रकार या भागावरून बहुधा घाईघाईने पुढे जातात. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण उत्तरायुष्यातील ग्लॅडस्टन समजून घ्यायचा तर त्याला कोठून कोठे यावे लागले हे अंतर आधी डोळ्यांसमोर असले पाहिजे.

ते अंतर त्याने तोडले ते भाषणांच्या बळावर, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते त्याने ते अधिककरून कचेरीत बसून तोडले. १८४३ साली रॉबर्ट पीलच्या मंत्रिमंडळात तो व्यापारमंडळाचा अध्यक्ष झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने रेल्वेचा कायदा करून घेतला. नव्या कंपन्यांनी दररोज निदान एक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत न्यावी, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना डोक्यावर छप्पर द्यावे आणि मैलाला एका पेनीहून अधिक भाडे घेऊ नये, अशी त्यात सक्ती होती. मजूर, कारागीर आणि मोलकरणी प्रवास करू लागल्या त्या या कायद्यामुळे. पुढे तो अर्थमंत्री झाला. १८५२ च्या डिसेंबरात डिझरेलीच्या अंदाजपत्रकाला मध्यरात्रीनंतर उत्तर देऊन त्याने डर्बीचे सरकार उलथून टाकले. १८५३ चे स्वतःचे पहिले अंदाजपत्रक मांडताना तो पावणेपाच तास बोलला, आणि जमाखर्चाच्या आकड्यांना कादंबरीचे आकर्षण येऊ शकते हे लंडनला प्रथमच कळून आले. वृत्तपत्रांवरील मुद्रांक १८५५ साली गेलेला होता. कागदावरची जकात मात्र शिल्लक होती, आणि ती असेपर्यंत स्वस्त वृत्तपत्राची मजल फार दूर जाणे शक्य नव्हते. १८६० साली ग्लॅडस्टनने ती उठविण्याचे विधेयक आणले, ते लॉर्डांनी फेटाळले. तेव्हा १८६१ साली त्याने वर्षाच्या सगळ्या आर्थिक तरतुदी एकाच विधेयकात बांधून वर पाठविल्या. लॉर्डांना एक तर सगळे गिळणे भाग होते, नाही तर राज्याचा सगळा वसूल अडविणे. त्यांनी गिळले. पेनीला एक अंक मिळणारी वर्तमानपत्रे त्यानंतर प्रांतोप्रांती भरभराटीला आली. ‘डेली टेलिग्राफ’ हे त्यांतले बलाढ्य पत्र, आणि ग्लॅडस्टनला लोकांचा विल्यम ही पदवी मिळाली तीही त्याच पत्राकडून.

आणखी एक दुवा राहिला. १८६८ साली प्रांतिक पत्रांनी मिळून प्रेस असोसिएशन ही वृत्तसंस्था स्थापन केली, १८७० साली सगळ्या तारायंत्र-कंपन्या पोस्टखात्याच्या ताब्यात आल्या आणि वर्तमानपत्रांसाठी तारेचा दर रात्रीच्या वेळी १०० शब्दांस एक शिलिंग इतका खाली आला. पिटमनच्या लघुलिपीत तरबेज झालेले बातमीदार जागोजाग होतेच. म्हणजे एखाद्या गावात संध्याकाळी झालेले भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी देशभरच्या न्याहरीच्या टेबलांवर शब्दशः वाचावयास मिळण्याची सोय झाली. आगगाडी, कागद आणि तार या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावाचून पुढचा प्रसंग घडता ना. आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंचे फर्मान ग्लॅडस्टनच्याच सहीने निघालेले होते, तर तिसरीचा अंमल त्याच्या पंतप्रधानकीत बसला. ज्या रस्त्याने त्याचा आवाज पुढे गेला तो रस्ता बांधताना आपण काय बांधतो आहोत याची त्याला स्वतःलाही कल्पना नसावी.

सभागृहाबाहेर बोलण्याची चटक त्याला हळूहळू लागली. १८६२ च्या ऑक्टोबरात, अर्थमंत्री असताना, तो टाइन नदीच्या काठच्या औद्योगिक मुलखात गेला. नदीतून बोटींची मिरवणूक निघाली, तोफा उडाल्या, दोन्ही काठांवर कामकऱ्यांची गर्दी लोटली. त्या उत्साहाच्या भरात न्यूकॅसलच्या मेजवानीत, अमेरिकेतील बंडखोर दक्षिणी संस्थानांच्या पुढाऱ्यांनी एक राष्ट्र निर्माण केले आहे, असे तो बोलून बसला. त्या एका वाक्याने इंग्लंडचे तटस्थ धोरण अडचणीत आले. आयुष्याच्या अखेरीस त्याने या चुकीची लेखी कबुली देऊन ठेवली. श्रोते जितके जास्त तितकी जबाबदारी जास्त हे त्याला येथे कळले खरे, पण श्रोत्यांची ओढ काही सुटली नाही. १८६५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पदवीधर मतदारांनी त्याला नाकारले, तेव्हा तो तडक मँचेस्टरला गेला आणि फ्री ट्रेड हॉलमधील सभेत, तोंडावरची मुसकी आता निघाली आहे अशा अर्थाचे उद्गार काढून त्याने लँकेशरमध्ये उमेदवारी केली. १८६८ साली तो पंतप्रधान झाला. १८७१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या ब्लॅकहीथच्या माळावर, वुलिचच्या सरकारी गोदीतून कमी केलेल्या कामगारांनी त्याची हुर्यो उडवून त्याला हाकलावयाचे ठरविले होते. वीस हजारांवर लोक जमले होते आणि पहिली काही मिनिटे त्याचा शब्दही ऐकू येईना. तो जवळजवळ दोन तास बोलला, आणि शेवटी त्याच जमावाने त्याचा जयजयकार केला.

१८७४ च्या निवडणुकीत पराभव झाला. १८७५ च्या जानेवारीत त्याने पक्षाचे नेतृत्व सोडले, लंडनमधले घर विकावयास काढले आणि वेल्सच्या सीमेवरील हॉवर्डन या आपल्या सासुरवाडीच्या जहागिरीत जाऊन होमर, धर्मशास्त्र आणि कुऱ्हाड यांच्या संगतीत उरलेला काळ घालविण्याचा संकल्प सोडला. कुऱ्हाड येथे शब्दशः घ्यावयाची आहे. मोठमोठे वृक्ष स्वतः तोडणे हा त्याचा आवडता व्यायाम होता. संकल्प दीड वर्ष टिकला. १८७६ मध्ये तुर्की अंमलाखालील बल्गेरियात अनियमित फौजेने केलेल्या कत्तलींच्या बातम्या आल्या आणि डिझरेलीचे सरकार तुर्कस्तानशी असलेल्या मैत्रीपायी त्यांना फारसे महत्त्व देईना, तेव्हा सप्टेंबरच्या आरंभी ग्लॅडस्टनने बल्गेरियातील अत्याचारांवर एक चोपडी लिहून काढली. ती महिनाभरात दोन लक्ष खपली. तीनच दिवसांनी तो पुन्हा ब्लॅकहीथच्या माळावर, भर पावसात, हजारो लोकांपुढे उभा होता. पक्षाचे नेतृत्व आता लॉर्ड हार्टिंग्टनकडे होते. ग्लॅडस्टनच्या हाती काहीच अधिकार नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या तोंडाला कोणाचा लगामही नव्हता. माजी मंत्र्याचे हे सामर्थ्य इंग्लंडने पूर्वी पाहिलेले नव्हते.

आता मिडलोथियन. एडिंबरो शहराभोवतालच्या या परगण्यात मतदार होते सगळे मिळून तीन हजारांच्या थोडे वर. आणि तेथला खासदार अर्ल ऑफ डाल्कीथ हा ड्यूक ऑफ बक्ल्यू या त्या भागातील अफाट जमीनदाराचा मुलगा. ड्यूकच्या पक्षाने जमिनीचे आणि घरांचे बारीक तुकडे पाडून कागदोपत्री नवे मालक उभे केले होते, म्हणजे तितकी मते वाढली. अशा ठिकाणी ग्लॅडस्टनने उभे राहावे ही कल्पना तरुण लॉर्ड रोझबेरी आणि त्याच्या मित्रांची. रोझबेरीचे वय बत्तीस, डॅल्मेनी येथे समुद्रकाठी त्याचा वाडा, रॉथ्सचाइल्ड घराण्यातील एकुलत्या एका वारसदार कन्येशी नुकतेच लग्न झालेले, आणि अमेरिकेचा प्रवास करून तेथील निवडणुकांचा थाट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. निवडणुकीला अद्याप अवकाश होता. पार्लमेंट विसर्जित झालेले नव्हते. तरीही २४ नोव्हेंबर १८७९ रोजी सकाळी ग्लॅडस्टन पत्नीसह लिव्हरपूलहून आगगाडीत बसला.

त्या एका दिवसात कार्लाइल, हॉइक आणि गालाशील्स या तीन ठिकाणी गाडी थांबली आणि तिन्ही ठिकाणी त्याने भाषण केले. एडिंबरोला पोहोचेतो रात्र झाली होती. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या, दारूकाम चालले होते, आणि रोझबेरीच्या चार घोड्यांच्या गाडीमागे मशालवाल्यांची रांग डॅल्मेनीपर्यंत धावत होती. दुसऱ्या दिवशी एडिंबरोच्या म्युझिक हॉलमध्ये मोहिमेचे पहिले मोठे भाषण झाले. २६ तारखेला डाल्कीथ गावी, म्हणजे प्रतिपक्षाच्या थेट उंबऱ्यावर, दोन भाषणे झाली, आणि त्यांतले दुसरे खास स्त्रियांच्या सभेपुढे होते. स्त्रियांना मत नव्हते. त्यांची सभा भरविणे हेच मुळी अपूर्व. त्या सभेत त्याने पक्षाच्या जमाखर्चाचे नावही काढले नाही. अफगाण डोंगरांतील बर्फाखाली दबलेल्या खेड्यांतला जीव ईश्वराच्या दृष्टीने तुमच्या स्वतःच्या जिवाइतकाच पवित्र आहे, आणि स्वतःचे घरदार राखण्यासाठी उघड्या अंगाने तोफांपुढे आलेल्या झुलूंचा दुसरा काही अपराध नव्हता, असे त्याने तेथे सांगितले. साम्राज्याच्या शिखरावर चढलेल्या राष्ट्राला त्याच्याच माजी पंतप्रधानाने त्याच्याच एका खेड्यात हे ऐकवावे, ही गोष्ट आजही वाचताना मन थबकते. २७ तारखेला वेस्ट कॅल्डर या खाणकामगारांच्या गावी त्याने परराष्ट्रधोरणाची सहा तत्त्वे मांडली: घरचा कारभार चोख ठेवणे, शांतता राखणे, युरोपातील राष्ट्रांचा एकोपा टिकविणे, निष्कारण गुंतागुंतीचे करार टाळणे, सर्व राष्ट्रांचे हक्क समान मानणे आणि स्वातंत्र्याची आवड बाळगणे. खाणीत काम करणाऱ्या माणसांपुढे हा विषय दीड तासावर चालला आणि कोणी उठून गेले नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबरचा दिवस सर्वांत अवघड. एडिंबरोच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये त्याने राज्याच्या वसुलाचा आणि खर्चाचा सारा ताळेबंद उलगडला. आपण १८७४ मध्ये साठ लक्ष पौंडांच्या आसपास शिल्लक ठेवून गेलो आणि तिजोरीत आता तूट आहे, हे त्याने एखाद्या जुन्या फडणीसाच्या काटेकोरपणाने दाखवून दिले. लगेच त्याच दिवशी वेव्हर्ली मार्केटच्या प्रचंड छपराखाली सुमारे वीस हजार लोकांपुढे दुसरे भाषण झाले. जागा इतकी दाटलेली होती की गुदमरून मूर्च्छित पडलेल्या माणसांना लोकांच्या डोक्यांवरून हातोहात बाहेर पोहोचवावे लागत होते, आणि हे सर्व भाषण चालू असतानाच. ग्लॅडस्टनने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद करून ठेवली आहे. ५ डिसेंबरला ग्लासगो विद्यापीठाचा निर्वाचित रेक्टर या नात्याने विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान आणि संध्याकाळी जाहीर सभा झाली. घरी परतल्यावर त्याने दोन आठवड्यांच्या श्रोत्यांची बेरीज मांडली, ती सुमारे ८७ हजारांवर गेली. तीन हजार मतदारांचा परगणा आणि ८७ हजार श्रोते! वर्तमानपत्रांतून ती भाषणे वाचणारे यात धरलेले नाहीत, आणि खरे पाहता तो बोलत होता त्यांच्याशीच.

वक्ता म्हणून त्याच्यात काय होते, हे छापील भाषणांवरून सांगणे कठीण आहे. ती आज वाचताना दमछाक होते. एका वाक्यात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे, मध्येच एखादी शंका, तिचे निरसन, त्या निरसनाला एक अपवाद, अशी त्याची रचना असे; पण बातमीदार सांगत की वाक्य कितीही लांबले तरी कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची गाठ शेवटी बिनचूक बसे. हातात मोजके टिपण असे, बाकी सर्व त्या क्षणी घडे. लिव्हरपूलकडचा हेल त्याच्या उच्चारांत अखेरपर्यंत राहिला, आणि उंच घराण्यांतील लोकांना तो खटके, सामान्यांना आपला वाटे. डोळे बहिरी ससाण्यासारखे तीक्ष्ण होते. डाव्या हाताची तर्जनी १८४२ साली बंदुकीच्या अपघातात गेलेली होती, तेथे तो काळे आवरण घाली. लांब भाषणाच्या वेळी शेरीत अंडे फेटून केलेले एक पेय पत्नी एका लहानशा डबीत भरून देई, आणि मधूनमधून त्याचा घोट घेत तो तासन्‌तास बोले. १८८८ साली एडिसनच्या नव्या यंत्राने त्याचा आवाज मेणाच्या नळीवर टिपून घेतला. पण खोलीत बसून यंत्रात बोललेल्या त्या चार वाक्यांवरून वेव्हर्ली मार्केटचा अंदाज कसा यावा?

त्याचे दोष त्याच्या शत्रूंनी अचूक हेरले होते. १८७८ साली डिझरेलीने एका मेजवानीत त्याचे वर्णन केले ते, स्वतःच्याच शब्दबाहुल्याची नशा चढलेला कुतर्की वक्ता, अशा आशयाचे होते, आणि ते वर्णन सर्वस्वी अन्यायाचे होते असे म्हणता येत नाही. स्वतः डिझरेलीनेही १८७२ साली मँचेस्टरमध्ये तीन तासांवर भाषण करून बाहेरच्या व्यासपीठाची चव घेतलेली होती. परंतु १८७६ पासून तो अर्ल ऑफ बीकन्सफील्ड म्हणून लॉर्डांच्या सभागृहात गेला होता, आणि निवडणुकीच्या धामधुमीत लॉर्डांनी सभा घेऊ नयेत असा संकेत असल्यामुळे १८८० मध्ये ग्लॅडस्टन देशभर गाजत असताना देशाचा पंतप्रधान मात्र गप्प बसून होता. व्हिक्टोरिया राणीला तर या प्रकाराची मनस्वी चीड होती. तिच्या मते हा सगळा अमेरिकेकडचा थिल्लरपणा. ग्लॅडस्टन आपल्याशी बोलताना जाहीर सभेत बोलल्यासारखा बोलतो, अशी तिने तक्रार केल्याची आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती त्या दोघांनाही शोभते.

१८८० च्या मार्चमध्ये निवडणूक जाहीर होताच त्याने दुसरी स्वारी केली. या वेळी तो लंडनच्या किंग्ज क्रॉसहून निघाला, आणि ग्रँथम, यॉर्क, न्यूकॅसल, बेरिक असा प्रत्येक थांब्यावर बोलत उत्तरेकडे गेला. एप्रिलच्या आरंभी मिडलोथियनचा निकाल लागला: ग्लॅडस्टन १,५७९, डाल्कीथ १,३६८. लीड्सच्या मतदारांनीही त्याला उमेदवार केले होते. तेथे एकदाही न जाता त्याला २४,६२२ मते पडली. निवडून आल्यावर ती जागा त्याने आपल्या मुलाकडे सोपविली. उदारमतवादी पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. राणीने प्रथम हार्टिंग्टनला बोलाविले, पण पक्ष ज्याच्या शब्दांवर निवडून आला होता त्याला वगळून सरकार बनविण्याची ताकद हार्टिंग्टनमध्ये नव्हती, आणि ग्लॅडस्टन दुय्यम जागा पत्करण्यास राजी नव्हता. २३ एप्रिल १८८० रोजी तो दुसऱ्यांदा पंतप्रधान झाला.

येथे आमच्या वाचकांना खरा प्रश्न पडावयास हवा. डाल्कीथच्या त्या सभेतील शब्दांचे पुढे काय झाले? काही पाळले गेले. व्हाइसरॉय लिटनने १८७८ साली देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर जो गळचेपीचा कायदा लादला होता, त्याविरुद्ध ग्लॅडस्टन त्याच वर्षी कॉमन्समध्ये बोलला होता. १८८० साली त्याने रिपनला व्हाइसरॉय करून पाठविले, आणि १८८२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला. ‘केसरी’चा पहिला अंक निघाला तेव्हा, जानेवारी १८८१ मध्ये, तो अद्याप कागदावर जिवंत होता. अफगाण युद्धाच्या खर्चापैकी सुमारे पन्नास लक्ष पौंड हिंदुस्थानच्या तिजोरीवरून उतरवून ब्रिटिश तिजोरीने उचलले. कंदाहार सोडले गेले. पण युद्ध आटोपेपर्यंत माणसे मरतच होती. ग्लॅडस्टन अधिकारावर आल्यानंतर तीन महिन्यांनी, २७ जुलै १८८० रोजी, मैवंदच्या रणात जनरल बरोजच्या तुकडीची दाणादाण उडाली, आणि तिच्यात मुंबई इलाख्याच्या फौजेतील ग्रेनेडियर व जेकब्ज रायफल्स या पलटणी होत्या. तुकडीत अडीच हजारांच्या आसपास लढणारे होते, त्यांतले सुमारे एक हजार तेथेच पडले. पुढे १८८२ च्या जुलैत त्याच ग्लॅडस्टनच्या सरकारने अलेक्झांड्रियावर आरमाराचे गोळे टाकले आणि इजिप्त काबीज केले. हिंदुस्थानातून फौज नेली, आणि तिच्या खर्चाचा वाटा हिंदुस्थानच्या माथी मारला. वृद्ध जॉन ब्राइटने याच कारणावरून मंत्रिमंडळ सोडले. अफगाण खेड्यातल्या जिवाची पवित्रता नाइलच्या काठी का लागू पडली नाही, याचे उत्तर ग्लॅडस्टनजवळ होते, आणि ते नेहमीप्रमाणे दीर्घ व सुसंगत होते. मला ते पटलेले नाही.

तरीही त्याने उघडून दिलेली वाट आपल्याकडच्या माणसांनी डोळसपणे ओळखली. १८८५ च्या निवडणुकीच्या वेळी हिंदुस्थानातून तीन प्रतिनिधी इंग्लंडात गेले: मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर, बंगालचे मनमोहन घोष आणि मद्रासचे रामस्वामी मुदलियार. त्यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत अर्ज गुजरण्यापुरते काम आटोपले नाही. ते शहरोशहरी सभांतून उभे राहिले आणि ज्यांना नव्यानेच मत मिळाले होते अशा ब्रिटिश मतदारांपुढे हिंदुस्थानचे गाऱ्हाणे मांडले. चंदावरकर त्या वेळी तिशीचेच होते, ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे काम केलेले, या दौऱ्यातील आपले अनुभव त्यांनी १८८७ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. राज्यकर्त्यांच्या देशात जाऊन राज्यकर्त्यांच्या मालकांशी, म्हणजे मतदारांशी, थेट बोलावे ही युक्ती मिडलोथियनच्या आधी कोणाला सुचली असती की नाही, याची मला शंका आहे. हे प्रतिनिधी परतले त्याच सुमारास मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली, आणि सातच वर्षांनी दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ग्लॅडस्टनच्याच पक्षातर्फे अगदी मोजक्या मतांच्या फरकाने पार्लमेंटात निवडून आले.

एव्हाना ज्या गोष्टीचा राणीला विटाळ होता ती सर्वांचीच रीत होऊन गेली होती. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलने १८८४ साली ब्लॅकपूलच्या सभेत ग्लॅडस्टनच्या वृक्षतोडीची आणि ढलप्यांसाठी जमणाऱ्या त्याच्या भक्तांची मनसोक्त टिंगल केली, पण ती केली जाहीर सभेतच. जोसेफ चेंबरलेनने बर्मिंगहॅममध्ये तेच शस्त्र ग्लॅडस्टनपेक्षा धारदार करून घेतले. टोरी पक्षाचा पुढारी सॉल्सबरी स्वतः, लॉर्ड असूनही, गावोगाव बोलू लागला. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी १८८६ मध्ये ग्लॅडस्टन कॉमन्समध्ये साडेतीन तास बोलला आणि हरला. १८९३ मध्ये पुन्हा झगडून ते विधेयक त्याने कॉमन्समधून पार नेले, ते लॉर्डांनी प्रचंड बहुमताने बुडविले. १ मार्च १८९४ रोजी त्याने सभागृहातील शेवटचे भाषण केले, त्यात लॉर्डांना इशारा होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा, दृष्टी मंदावलेली, चौथ्यांदा भोगलेले पंतप्रधानपद सोडून घरी गेला, आणि त्याच्या जागी राणीने रोझबेरीला नेमले. त्याचे मत घेण्याचीही तिने तसदी घेतली नाही.

घरी गेलेला माजी पंतप्रधान पुन्हा एकदा बाहेर पडला. तुर्की साम्राज्यात आर्मेनियनांच्या कत्तली चालल्या होत्या, आणि २४ सप्टेंबर १८९६ रोजी लिव्हरपूलच्या हेंग्लर्स सर्कसमध्ये, सुमारे सहा हजार लोकांपुढे, शहाऐंशी वर्षांचा ग्लॅडस्टन तासाहून अधिक वेळ बोलला. युरोपातील इतर राष्ट्रे साथ देवोत वा न देवोत, इंग्लंडने सुलतानाशी संबंध तोडावेत, असे त्याचे म्हणणे. रोझबेरी आता सत्तेवरून गेलेला असला तरी पक्षाचा पुढारी होता, आणि एकट्याने पाऊल टाकल्यास सगळ्या युरोपात युद्ध भडकेल असे त्याचे मत होते. लिव्हरपूलचे भाषण वर्तमानपत्रांतून शब्दशः आले. पक्षातील पुष्कळ जण त्या बाजूला झुकले. पंधरा दिवसांच्या आत रोझबेरीने पुढारीपणाचा राजीनामा दिला, आणि ग्लॅडस्टनशी झालेला मतभेद हे एक कारण म्हणून लिहून कळविले. मग त्या राजीनाम्याचा खुलासा करण्यासाठी त्याने एडिंबरोला एक जाहीर सभा घेतली.